साडेबत्तीस इंचांचं पातं

जैनाबाद माझं आजोळ. तापीच्या उत्तर काठाला बुऱ्हाणपूर, दक्षिण काठाला जैनाबाद. मुमताजमहलला 1631 साली आधी इथंच दफन केलं आणि सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. मामांच्या घरात दसऱ्याला पुजतात ती तलवार मात्र संभाजी महाराजांच्या 1681च्या बुऱ्हाणपूर स्वारीतली, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. यंदा मामांनी ती म्यानासकट माझ्या मांडीवर ठेवली. "बघ रे, कुठं काही लिहिलंय का."

काहीच लिहिलेलं नव्हतं. कारागिराचं नाव नाही, मालकाचं नाही, शिलेखान्याची खूण नाही. मामांचा चेहरा उतरला. मला त्याचं एवढं वाईट वाटलं नाही, कारण तलवारीवरच्या नावाचा भरवसा फार धरता येत नाही. इस्फहानच्या असदुल्ला या कारागिराचं नाव इराणात आणि हिंदुस्थानात त्यानं कधी न पाहिलेल्या कितीतरी पात्यांवर कोरलं गेलं. जर्मनीतल्या पासाऊ आणि झोलिंगेनच्या लोहारांची धावत्या लांडग्याची खूणही अशीच दूरदूर नकलली गेली. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारनं 2025 साली लंडनच्या लिलावातून सोडवून आणली. तिच्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचं नाव आहे, सेनासाहेबसुभा हा किताब आहे आणि 'फिरंग' असंही आहे. म्हणजे मालक कळतो, पातं परदेशी हेही कळतं, पण ते घडवणाऱ्याचा पत्ता तिथंही नाही. तेव्हा तलवारीचं अंगच वाचायचं.

मामेभाऊ यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर आहे. त्याचा व्हर्नियर घेऊन आम्ही ओसरीवर उजेडात बसलो. मूठ आपलीच, लोखंडी. वर वाटीसारखी तबकडी, बोटांपुढे परज. पातं मात्र वेगळं बोलत होतं. लांबी साडेबत्तीस इंच. दोन्ही अंगांना एकच रुंद, खोलगट पन्हळ, ती टोकाच्या थोडी आधी विरते. मुठीजवळ पाठ नऊ मिलिमीटर जाड, टोकाशी जेमतेम दोन. आणि टोकाकडे पातं निमुळतं न होता उलट रुंदावतं, कुऱ्हाडीसारखं. आपल्याकडच्या तलवारीला मुठीखाली बोथट भाग सोडलेला असतो, त्याला खजाना म्हणतात; इथं धार जवळजवळ मुठीपर्यंत भिडलेली. मोजमापं लिहिता लिहिताच माझी खात्री पटली: इंग्रजांच्या हलक्या घोडदळासाठी 1796 साली ठरवलेल्या नमुन्याचं हे पातं, त्यावर कुणी हिंदुस्थानी मूठ चढवलेली.

या नमुन्यावर कारखानदार नाव घालत ते बहुधा पाठीवर. आम्ही तिरपा टॉर्च मारून पाठ पाहिली. गंजाच्या खड्ड्यांत काही उरलं नव्हतं. तपासनिसाचा ठसा असतो मुठीलगत, तो असलाच तर मुठीच्या जिभांखाली गेला असणार. भाऊ म्हणाला, "मूठ गॅसवर तापवू. आतली लाख वितळली की पातं निघेल." मी ठाम नाही म्हटलं. ती लाख कुणा शिकलगारानं आपल्या हातानं भरलेली. दोन अक्षरांच्या आशेनं ती जाळायची, तर तलवारीच्या इतिहासातला हिंदुस्थानी भागच पुसायचा.

आणि तोच भाग मोलाचा आहे. लुई नोलन नावाचा इंग्रज घोडदळ अधिकारी, पुढे 1854 साली बालाक्लावाच्या लढाईत पडला तोच. त्यानं 1853च्या आपल्या पुस्तकात निजामाच्या स्वारांबद्दल लिहिलंय. एका झटापटीत त्यांनी केलेल्या जखमांची डॉक्टरची नोंद वाचून तो थक्क झाला. चौकशी केली तर तलवारी निघाल्या गोऱ्या फौजेनं टाकून दिलेल्या, जुन्या. स्वारांनी त्यांना आपल्या मुठी बसवल्या, वस्तऱ्यासारखी धार लावली आणि लाकडी म्यानात ठेवल्या. गोऱ्या स्वाराचं म्यान पोलादी, काढता-घालता धार मारणारं. मामांकडचं म्यान लाकडी आहे, वर चामडं शिवलेलं.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. 1681 आणि 1796, हिशेब सरळ होता. मग म्हणाले, "मग आपल्याकडं आली कशी?" मी त्यांना शिंद्यांचं सांगितलं. 1803 साली इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सननं शिंद्यांकडून बुऱ्हाणपूर आणि असीरगड घेतला, 1819 साली इंग्रजांनी असीरगड पुन्हा वेढला. या रस्त्यानं शिंद्यांचे, कंपनीचे, निजामाचे असे सगळ्यांचेच स्वार गेले आहेत. धारेवर दगडाचे घासे आहेत, पुन्हा पुन्हा लावलेले. कुणीतरी ही तलवार कामासाठी जपली होती, एवढं त्या घाशांवरून छातीठोक सांगता येतं.

"संभाजी महाराजांचं खोडू नकोस," मामा म्हणाले. मी खोडलं नाही. मोजमापांच्या कागदावर ते वेगळ्या ओळीत लिहिलं, पुढे 'घरात सांगत आले' असं. मामींना मात्र एक गोष्ट हात जोडून सांगितली: येत्या दसऱ्याला चिंच नको, राख नको, घासणी तर नकोच. कोरड्या मऊ फडक्यानं पुसायची, शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवायचा आणि हळदीकुंकू मुठीऐवजी शेजारच्या पाटावर वाहायचं.