यादीतला नंबर

मी तीस वर्षं एका महामंडळाच्या आस्थापना शाखेत काढली. दर वर्षी १ जानेवारीच्या स्थितीवर सेवाज्येष्ठता यादी करायची, 'तात्पुरती' असा शिक्का मारून ती सगळ्या कार्यालयांत फिरवायची, हरकती मागवायच्या, त्या निकाली काढायच्या आणि मग 'अंतिम' यादी लावायची, हे माझं काम. सख्ख्या भावाशी वडिलोपार्जित घरावरून न भांडणारी माणसं या यादीवरून भांडताना मी पाहिली आहेत. एकाच तारखेला लागलेले दोघं जण आपण मध्यान्हपूर्व रुजू झालो की मध्यान्होत्तर, यावर हजेरीपत्रकाच्या नकला घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहायचे. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल. पण त्या एका अंकावर बढती ठरते, बढतीवर शेवटचा पगार आणि शेवटच्या पगारावर म्हातारपण.

२००९ सालच्या उन्हाळ्यात मी मुलाकडे अ‍ॅरिझोनात फिनिक्सला गेलो होतो. बाहेर पाऊल टाकवत नाही असं ऊन. दिवसभर घरात बसून वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचायचो. त्यातच एक बातमी सापडली. तिथल्या फेडरल कोर्टात वैमानिकांनी वैमानिकांच्याच युनियनवर खटला भरला होता आणि ज्यूरीने निकाल फिर्यादींच्या बाजूने दिला होता. वादाचं कारण काय, तर सेवाज्येष्ठता यादी! परदेशात अचानक आपल्या गावचा माणूस भेटावा, तसं मला झालं. तेव्हापासून हे प्रकरण मी सोडलं नाही.

आधी वैमानिकाच्या नंबराची मातब्बरी सांगायला हवी. आपल्याकडे बढतीत निदान गोपनीय अहवाल, परीक्षा, साहेबाची मर्जी असं काहीबाही असतं. अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांत कॅप्टन होण्याची पाळी कधी येणार, मोठं विमान मिळणार की लहान, कोणत्या शहरातून उड्डाणं करायची, पुढच्या महिन्यात कोणत्या फेऱ्या, नाताळात घरी की हॉटेलात, हे सारं नंबरावर ठरतं. मंदी आली की घरी बसवतात तेही शेपटाकडून, त्याच यादीप्रमाणे. आणि हा नंबर बरोबर नेता येत नाही. वीस वर्षांचा कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला तर तिथे तो सगळ्यांत शेवटचा. म्हणून वैमानिक सहसा कंपनी सोडत नाही. त्याची सगळी पुंजी त्या एका अंकात अडकलेली असते. कंपनीच दुसऱ्या कंपनीत मिसळली, तर त्या पुंजीचं काय करायचं, हा खरा प्रश्न.

सप्टेंबर २००५ मध्ये अमेरिका वेस्ट आणि यूएस एअरवेज या दोन कंपन्या एक झाल्या. नाव राहिलं यूएस एअरवेजचं, कारभार मात्र अमेरिका वेस्टच्या मंडळींच्या हाती गेला. यूएस एअरवेज तेव्हा दुसऱ्यांदा दिवाळखोरीत होती. पूर्वेकडच्या या जुन्या कंपनीचे वैमानिक, म्हणजे 'ईस्ट', सुमारे पाच हजार. त्यांतले बरेच घरी बसवलेले. अ‍ॅरिझोनातले 'वेस्ट' दोन हजारांच्या आत. ईस्टची माणसं वयाने आणि नोकरीने जुनी. वेस्टची कंपनी तरुण, तिथे माणूस लवकर कॅप्टन व्हायचा.

ईस्टचं म्हणणं सरळ होतं. रुजू झाल्याची तारीख बघा आणि यादी लावा. आमचे वरचे लोक पुढच्या काही वर्षांत निवृत्त होतील. त्या जागांची वाट आम्ही वर्षानुवर्षं पाहिली, त्या आमच्याच. वेस्टचं म्हणणंही तितकंच सरळ. तुमची कंपनी बुडत होती. ती बुडाली असती तर तुमच्या तारखेला कुणी विचारलं असतं? आज ज्याच्याकडे जी खुर्ची आहे, ती त्याच्याकडे राहावी. दोघंही एकाच युनियनचे सभासद होते. तिच्या नियमाप्रमाणे आधी वाटाघाटी, मग मध्यस्थी आणि शेवटी बंधनकारक लवाद.

मे २००७ मध्ये जॉर्ज निकोलाऊ या लवादाने निवाडा दिला. समुद्रापार जाणारी मोठी विमानं ईस्टकडेच होती, म्हणून यादीतले वरचे पाचशेहून अधिक नंबर ईस्टला. घरी बसवलेले ईस्टचे लोक तळाला. मधल्या सगळ्यांना आपापल्या जुन्या यादीतल्या सापेक्ष स्थानाप्रमाणे एकमेकांत विणलं. परिणाम असा झाला, की पंधरा-सोळा वर्षांपूर्वी लागलेला, पण त्या वेळी घरी बसलेला ईस्टचा माणूस, काही महिन्यांपूर्वी लागलेल्या वेस्टच्या पोराच्या खाली गेला.

हे वाचलं आणि मला आमची यादी आठवली.

नव्वदच्या दशकात आमच्या महामंडळात दुसरं एक लहान मंडळ विलीन झालं. त्यांच्याकडे पदं भराभर निघाली होती, त्यामुळे माणसं सहा-सात वर्षांत वरिष्ठ सहायक झालेली. आमच्याकडे त्याच पदाला पंधरा वर्षं लागायची. शासनाच्या नियमाप्रमाणे ज्येष्ठता धरायची ती त्या पदावरच्या नियमित नियुक्तीच्या तारखेपासून. मी नियमाप्रमाणे यादी केली. आमचे एक जुने सहकारी, १९६८ सालापासून नोकरीत, त्यांच्या मुलाच्या वयाच्या अकरा जणांखाली गेले. त्यांनी रीतसर हरकत घेतली, ती रीतसर फेटाळली गेली. उत्तराचा मसुदाही माझाच. सही करून पत्र घेताना ते एवढंच म्हणाले, "तारीख माझी जुनी, नंबर त्यांचा. चालायचंच." ते त्याच पदावरून निवृत्त झाले.

यादी चूक नव्हती. आजही तीच यादी करायला दिली तर मी तशीच करीन. त्या अकरा जणांनी काही लबाडी केली नव्हती. त्यांच्या मंडळाने त्यांना दिलेलं पद त्यांच्याकडून काढून घेणंही अन्यायच झाला असता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा आणि विदर्भाचे कर्मचारी मुंबई राज्यात आले, तेव्हाही हाच पेच होता. पदाचं स्वरूप आणि कामं, जबाबदारी आणि अधिकार, किमान अर्हता, पगार, अशा चार कसोट्यांवर पदं समान ठरवायची असं तत्त्व तेव्हा निघालं. सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. तरी दावे पुढे कित्येक वर्षं चाललेच. कारण कसोट्या कितीही चांगल्या असल्या तरी दोन रांगा एक करताना कुणीतरी मागे सरकणारच.

आमच्या सहकाऱ्यांनी 'चालायचंच' म्हटलं. ईस्टच्या वैमानिकांनी ते म्हटलं नाही. त्यांच्याकडे बहुमत होतं. त्यांनी नवी युनियन काढली आणि एप्रिल २००८ मध्ये मतदान होऊन जुनी युनियन गेली, नवी आली. नव्या युनियनच्या घटनेतच रुजू तारखेचं तत्त्व होतं. म्हणजे दोघांनी मिळून नेमलेल्या लवादाचा बंधनकारक निवाडा एका बाजूने मतदानाने बाजूला सारला. यावरच वेस्टवाले कोर्टात गेले होते. मी वाचलेली बातमी त्याचीच. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. कारण असं, की करारात अजून कुठलीच यादी आलेली नाही, म्हणजे नुकसान अजून झालेलंच नाही. न पिकलेल्या फळाची तक्रार ऐकता येत नाही.

यात हरलं कोण? एकत्र यादी नाही म्हणून एकत्र करार नाही. ईस्टचे वैमानिक दिवाळखोरीत मान्य केलेल्या कापलेल्या पगारावरच वर्षानुवर्षं उडत राहिले. एकाच कंपनीचे वैमानिक, पण ईस्ट-वेस्ट एका कॉकपिटमध्ये बसत नसत.

जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीत विमान उतरवून सगळ्या १५५ जणांना वाचवणारा कॅप्टन सलनबर्गर जगाला माहीत आहे. तो ईस्टचा. पण रेडिओवर त्याच्या विमानाची हाक होती 'कॅक्टस १५४९', आणि 'कॅक्टस' हे संकेतनाव अमेरिका वेस्टचं, वाळवंटातलं. कागदावर कंपन्या इतक्या एक झाल्या होत्या. शेजारी बसलेला फर्स्ट ऑफिसर स्काइल्स पूर्वी कॅप्टन होता. कंपनी आकसली तसा खाली आला होता. महिन्याभराने सलनबर्गरने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं, की आपला पगार चाळीस टक्के कापला गेला आहे आणि पेन्शन गेली आहे. सगळं जग ज्यांना डोक्यावर घेत होतं, त्यांच्याही यादीचा निकाल तेव्हा लागलेला नव्हता.

हे अमेरिकेपुरतं आहे असं कुणी समजू नये. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. दोन्हीकडच्या वैमानिकांच्या संघटना वेगळ्या, पगाराची रीत वेगळी, बढतीचा वेग वेगळा. २०११ मध्ये समान वेतनासाठी एका संघटनेचा संप झाला. २०१२ मध्ये नव्या ड्रीमलायनर विमानांचं प्रशिक्षण कुणाला द्यायचं यावरून दुसरीचा, तो ५८ दिवस चालला. मधल्या काळात न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीने एकत्रीकरणाच्या शिफारशी केल्या. विमानांचा रंग बदलायला काही महिने पुरले. माणसं पाच वर्षांतही एका रांगेत आली नव्हती.

अमेरिकेत या बाबतीत एक कायदा आहे, तोही जखमेतून आलेला. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए घेतली आणि तिचे निम्म्याहून अधिक वैमानिक यादीच्या तळाला चिकटवले. त्याच वर्षी सप्टेंबरचे हल्ले झाले, आणि तळ कापला गेला तेव्हा तीच माणसं गेली. टीडब्ल्यूएचं मुख्य ठाणं मिसूरी राज्यात. तिथल्या मॅकॅस्किल आणि बाँड या दोन विरोधी पक्षांच्या सिनेटरांनी मिळून २००७ मध्ये कायदा करवून घेतला: याद्या न्याय्य रीतीने एकत्र करा, जमलं नाही तर लवादाकडे जा.

२०१३ मध्ये यूएस एअरवेजही अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. आता एक करायच्या याद्या तीन. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने ईस्टच्या युनियनने वेस्टच्या सभासदांबद्दलचं कर्तव्य मोडलं, असं म्हटलं. शेवटी सप्टेंबर २०१६ मध्ये तीन लवादांच्या मंडळाने एकत्र यादी दिली. विलीनीकरणाला अकरा वर्षं झाली होती.

अकरा वर्षं म्हणजे काय, हे आस्थापना शाखेतल्या माणसाला बरोबर कळतं. दर १ जानेवारीच्या यादीतून काही नावं आपोआप गळतात. समोर 'नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त' एवढा शेरा येतो, आणि त्यांच्या हरकतीचं काय झालं हे विचारायला कुणी येत नाही. तिकडे २००७ च्या अखेरीस वैमानिकांचं निवृत्तीचं वय साठचं पासष्ट केलं गेलं, म्हणजे वरच्यांच्या निवृत्तीवर डोळा ठेवून बसलेल्यांची वाट आणखी लांबली. तरीही त्या अकरा वर्षांत दोन्हीकडचे कितीतरी जण यादीची वाट बघतच यादीबाहेर गेले असणार.

मला विचाराल तर तारीख न्याय्य की खुर्ची, याचं उत्तर नाही. दोन्ही खरी आहेत. तारखेत माणसाने दिलेली वर्षं आहेत, खुर्चीत त्याच्या हाती आलेलं आयुष्य आहे. यादी करणाऱ्याच्या हातात एवढंच, की तत्त्व आधी ठरवावं आणि नंबर नंतर बघावेत. नंबर पाहून तत्त्व निवडलं, की कुठलंही तत्त्व वकिलाचं होतं. आणि जे ठरेल ते माणूस नोकरीत असेपर्यंत ठरवावं. उशिरा मिळालेला बरोबर नंबर पेन्शनच्या कागदावर चढत नाही.