दाबलं की थांबणारा

रांजणगावच्या एमआयडीसीतून कारेगावच्या अंगाने नगर रोडला लागलं की शटरवाल्या गाळ्यांची रांग सुरू होते. पंक्चर, सर्व्हिसिंग, सीट कव्हर, चहा, आणि मधेच एखादा कार डिटेलिंगचा गाळा. तिथल्या टेबलावर तो उताणा पडलेला असतो. वजन अडीच-तीन किलो, मागे लांबलचक काळी केबल, मानेजवळ वेगाची एक ते सहा आकड्यांची चकती आणि तोंडाला फोमचा गोल पॅड. पॅडवर आधीच्या गाडीची पांढुरकी पेस्ट वाळलेली. बिलावर ‘ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर’ असं भारदस्त नाव असलं तरी गाळ्यात त्याला सगळे डीए म्हणतात.

त्याचा स्वभाव कळायचा तर आधी त्याच्या थोरल्या भावाला भेटायला हवं. रोटरी. डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे ‘रबिंग मारायला’ वर्षानुवर्षं तोच आहे. एकाच आसावर गरगर फिरायचं, मिनिटाला तीन हजार फेऱ्यांपर्यंत, आणि समोर काय आहे ते बघायचं नाही, हा त्याचा खाक्या. तुम्ही दाबाल तितका तो जोर करतो, एका जागी रेंगाळलात तर रंग तापवतो. बॉनेटच्या कडेवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो. तिथे त्याची गाठ पडली की खालचा प्रायमर दिसायला फार वेळ लागत नाही. खोल काम मात्र तो झटपट करतो आणि मुरलेल्या हातात देखणंही करतो. कच्च्या हातात तो ओरखडे काढता काढता स्वतःच्या फिरण्याच्या रेघा मागे ठेवून जातो. गाळ्यात त्यांना होलोग्राम म्हणतात.

धाकटा डीए सरळ चालतच नाही. त्याची चकती आसाच्या मधोमध न बसवता थोडी बाजूला बसवलेली असते. त्यामुळे ती स्वतःभोवती फिरते आणि फिरता फिरता छोट्या वर्तुळात डोलतेही. या वर्तुळाचा व्यास कुणात ८ मिलिमीटर, कुणात १५, कुणात २१. एकदा गेलेल्या वाटेने पॅड लगेच पुन्हा जात नाही, म्हणून उष्णता एका जागी साठत नाही आणि रेघही उमटत नाही. मोटर जोर लावते ती डोलण्याला. स्वतःभोवती फिरणं बेअरिंगच्या मर्जीवर सोडलेलं असतं. म्हणूनच त्याला जोरात दाबलं, वाकडं धरलं की तो फिरणं सोडतो आणि जागच्या जागी नुसता थरथरतो. आवाज चालूच, काम बंद. फिरतोय की नुसता थरथरतोय ते डोळ्यांना कळावं म्हणून पोरं चकतीच्या कडेला काळ्या मार्करने एक रेघ मारून ठेवतात. नवा पोरगा घाम गाळत रेलला की मागून आवाज येतोच, ‘‘अरे, बसतोस काय त्याच्यावर? फिरू दे की त्याला!’’

त्याच्या वाट्याला येणारी दुखणी बहुतेक मायेतून झालेली असतात. धूळ इथे बारमाही. मुरमाचे डंपर, उसाच्या ट्रॉल्या, उन्हाळ्यातला कोरडा वारा. या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते गाडीच्या वरच्या थरापेक्षा कठीण. सकाळी शिफ्टला निघताना माणूस डिकीतलं फडकं काढतो आणि कोरड्या धुळीवरूनच प्रेमाने गोल गोल फिरवतो. फडकं मऊ असतं, पण त्यात अडकलेला कण मऊ नसतो. खंडेनवमी-दसऱ्याला तर कौतुकाला भरती येते. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, आणि दुसऱ्या दिवशी वाळलेलं कुंकू त्याच फडक्याने खसाखसा पुसणं. नवी गाडी रांजणगावच्या महागणपतीच्या दारात उभी करून नारळ फोडणारा माणूसच वर्षभरात तिच्या अंगावर हजारो बारीक ओरखडे काढतो. ज्याने गाडी कधी पुसलीच नाही त्याच्या गाडीवर मातीचे थर सापडतील, हे जाळं सहसा सापडायचं नाही.

जाळंच म्हणायचं, कारण ते तसंच दिसतं. सावलीत काही नाही. उन्हात सूर्याचं प्रतिबिंब बॉनेटवर आलं की त्याभोवती कोळ्याने विणल्यासारखी वर्तुळं. खरं तर ओरखडे सगळ्या दिशांना विखुरलेले असतात. पण उजेडाच्या वाटेला जे आडवे पडलेत तेवढेच चमकून आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतात, आणि असे सगळे मिळून दिव्याभोवती गोल भासतात. टॉर्च सरकवला की वर्तुळंही सरकतात. पांढऱ्या गाडीवर ती लपतात, काळीवर चारचौघांत उघडी पडतात. म्हणून डीए कामाला लागण्याआधी गाळ्यातल्या ट्यूबलाइट बंद होतात आणि एकच प्रखर दिवा लागतो.

या उजेडात गिऱ्हाईक विचारतं, ‘‘ओरखडे भरून निघतील ना, दादा?’’ डीए काही भरत नाही. तो काढतो. पॅडवरच्या पेस्टमध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारखी बारीक पूड असते. तिने तो ओरखड्याच्या आजूबाजूचा थर इतका उतरवतो की ओरखड्याचा तळ आणि भोवतालचं पठार एका पातळीला येतं. ओरखडा जातो तो असा.

उतरवायला किती शिल्लक आहे, ते इथेच जवळ ठरतं. याच औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतला कारखाना आहे. २०१७ मध्ये जीप कंपास तिथूनच बाहेर पडू लागली, टाटांची नेक्सॉनही तिथलीच. मोटारीच्या पेंट शॉपमध्ये सहसा सांगाडा आधी विजेने थर चढवणाऱ्या हौदात बुडतो, मग प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. ही सगळी थप्पी साधारण १०० ते १२० मायक्रॉनची. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा धरला तर पत्र्यावरचा एकूण रंग दीड केसाएवढा आणि क्लिअर कोट त्यातला ४०-५० मायक्रॉन. चमक आणि उन्हापासूनचं रक्षण या एवढ्याच्या भरवशावर. हलक्या पॉलिशात त्यातला एक-दोन मायक्रॉन जातो. कारखाना मुद्दल एकदाच देतो. पुढे गाळ्यांमधून फक्त खर्च होतो.

म्हणून जाणत्या हातात डीएचा सगळा रिवाज कंजुषीचा आहे. आधी गाडी धुवायची, चिकटलेले कण क्ले बारने उचलायचे, कडा आणि रबर मास्किंग टेपने झाकायचे. पेंट गेजने जाडी मोजायची. मग दोन फूट बाय दोन फुटांच्या एकाच चौकोनावर सगळ्यांत मऊ पॅड आणि सगळ्यांत सौम्य पेस्ट लावून बघायची. त्याने भागलं तर पुढे कशाला जायचं? पेस्टचे चार ठिपके, कमी वेगावर ती पसरवायची, मग वेगाची चकती चार-पाचवर. सावकाश आडवे हात, त्यावर उभे हात, प्रत्येक फेरीत आधीचा निम्मा पट्टा झाकत. पुसून टॉर्च मारायचा. जाळं गेलं असेल तर तिथेच हात थांबवायचा.

एखादी रेघ उरते. किल्लीची किंवा कंपाउंडच्या तारेची. नख फिरवलं की अडकतं. गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘तेवढी पण घालवा.’’ पोरगा मशीन खाली ठेवतो. ‘‘साहेब, ही घालवायची तर भोवतालचा क्लिअर कोटच जाईल. राहू द्या. लांबून दिसणार पण नाही.’’ गिऱ्हाईक खट्टू होतं. पैसे मोजले की सगळं निघालं पाहिजे, असा त्याचा हिशेब असतो.

दर दिवाळीला बोनस झाला की पॉलिशला येणारीही मंडळी आहेत. चांगला गाळेवाला त्यांना शांपूची एक बादली, साध्या पाण्याची दुसरी आणि मायक्रोफायबरचं कापड दाखवतो आणि गाडी नुसती धुऊन पाठवतो. त्याचं गिऱ्हाईक तुटतं, रंग टिकतो. धंद्याच्या दृष्टीने हे उलटंच, पण डीएचा गुण इथेच आहे. दाबलं की थांबायची त्याची खोड चालवणाऱ्याच्या अंगी उतरली, तर एका गाडीशी त्याची गाठ तीन-चार वर्षांत एकदा पडली तरी पुष्कळ झालं.