त्सुमागोच्या वाटेवरून

त्सुमागो, जपान

ती. दादा,

किसो नदीच्या खोऱ्यात आहे. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, तिथून डोंगरातून क्योतोला जाणाऱ्या नाकासेन्दो मार्गावर मुक्कामाची ६९ गावे होती. त्सुमागो त्यांतले ४२वे. सरदारांचा मुक्काम ‘होन्जिन’मध्ये, तो भरला तर ‘वाकीहोन्जिन’मध्ये, आणि इतरांसाठी साध्या सराया.

घरे लाकडी, बुटकी, दुमजली. वरचा मजला तुळयांच्या टोकांवर रस्त्याकडे थोडा पुढे आलेला. दर्शनी बाजूला उभ्या पट्ट्यांची जाळी. काही छपरांवर अजून लाकडी फळ्याच आहेत आणि त्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेत. शत्रूला सरळ घुसता येऊ नये म्हणून रस्ता एके ठिकाणी मुद्दाम काटकोनात वळवलेला आहे.

वाकीहोन्जिन तुम्ही पाहायलाच हवे होते. इथल्या रानात हिनोकी होतो, सायप्रसच्या जातीचा. सरदारशाहीत तो चोरून तोडणाऱ्याला देहदंड होता. राजवट बदलली, बंधने सुटली आणि १८७७मध्ये मालकांनी हे घर हिनोकीतच नव्याने बांधले. माजघरात जमिनीत खोदलेली चूल आहे. तिच्या धुराने तुळया काळ्याभोर झाल्या आहेत.

मागोमे

ती. दादा,

काल त्सुमागोहून खिंड ओलांडून इथे चालत आलो, आठेक किलोमीटर. अस्वलांनी दूर राहावे म्हणून वाटेत घंटा टांगल्या आहेत. येणारे-जाणारे त्या वाजवतात.

कालच्या पत्रात त्सुमागोच्या घरांबद्दलच लिहिले, तिथल्या माणसांबद्दल राहिले. १९११मध्ये या खोऱ्यातली रेल्वे पूर्ण झाली, जुना मार्ग ओस पडला आणि तरुण गाव सोडून गेले. घरे मोडकळीला आली. १९६८मध्ये गावकऱ्यांनी संघटना काढली आणि दुरुस्ती सुरू झाली. १९७१मध्ये त्यांनी सनदच केली: घर, जमीन, रान यांतले काही विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. भोवतालचे रानही त्यात धरले, कारण मागचा डोंगर उघडा पडला तर घरे वाचूनही गाव वाचत नाही. विजेच्या तारा घरांमागे नेल्या. दिवसा मुख्य रस्त्यावर गाड्या येऊ देत नाहीत. सरकारने संरक्षित वस्ती म्हणून निवड केली ती १९७६मध्ये. कायदा मागून आला, शब्द आधी दिला गेला.

हा शब्द स्वस्त नाही. पर्यटक वाढले, जमिनीला मोल आले, तरी विकायचे नाही असे स्वतःलाच बजावत राहावे लागते. शेजारीही तसेच वागेल हा भरवसा असल्याशिवाय कोणी एकटा हे करू शकणार नाही.

दिवाळीत आपल्या वाड्याच्या वाटण्यांची बैठक आहे. कोणाची खोली कोणती, हे नंतर ठरवा. आधी तुम्ही चौघा भावांनी एवढे लिहून घ्या, की ओसरी, चौक आणि दिंडी दरवाजा यांना कोणी एकट्याने हात लावायचा नाही. दुरुस्तीचा माझा वाटा मी दरवर्षी पाठवीन. काकांनाही हे पत्र दाखवा.

आईस नमस्कार.

आपला,
सुहास