पाला पडण्यापूर्वी

आपल्या मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने. शेळीला पाला घालावा, अंगणातला पाला गोळा करावा, असे आपण सहज बोलतो. ग्वाल्हेरच्या शेजाऱ्यांच्या हिंदीत मात्र पाला म्हणजे थंडीच्या रात्री बटाट्यावर आणि अरहरीवर उतरणारे, सकाळपर्यंत उभे पीक जाळून टाकणारे गोठलेले दव. माझी आजी साताऱ्याकडून लग्न होऊन लष्करात आली, त्या पहिल्याच पौषात शेजारीण दारात येऊन म्हणाली, ‘पाला पड़ गया’. आजी सूप घेऊन परसात गेली आणि पाने कुठे पडली आहेत ते शोधू लागली. ही गोष्ट आमच्या घरात तीन पिढ्या सांगितली जाते आणि प्रत्येक पिढी तिला हसते. आजीच्या त्या घोटाळ्यात आम्हा इकडच्या मराठी माणसांची सारी अवस्था साठवलेली आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

१८१० साली दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. तिच्याबरोबर जी मराठी घरे आली, त्यांत आमचे एक. या घरांनी आपल्याबरोबर देव आणले, चटण्या-मसाले आणले, सणवार आणले आणि पावसाळ्याशी दोन हात करणारी भाषाही आणली. झड, आगोट, पागोळ्या, वळचण असे पावसाचे आपले शब्दवैभव मोठे आहे. परंतु जूनमध्ये पंचेचाळीस अंशांवर तापणारे आणि जानेवारीत तीन-चार अंशांपर्यंत उतरणारे हे ग्वाल्हेर. इथल्या हिवाळ्यासाठी आपल्याजवळ शब्द अपुरे पडले. शीतलहर, कोहरा, अलाव, रजाई हे सगळे आम्ही शेजाऱ्यांकडून उसने घेतले आणि कधी परत केले नाही. उत्तरेच्या थंडीची आणि मराठ्यांची जुनी ओळख तर फारच कडू आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले, त्याच्या आधी अडीच महिने कोंडलेल्या छावणीत माणसांबरोबर घोडी आणि बैलही दाणावैरणीवाचून झुरत होते. आत्यासाहेब त्यावर एवढेच म्हणतात, ‘‘जनावराची थंडी आधी बघावी, मग आपली.’’

आत्यासाहेब म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भगिनी. वय शहाऐंशी. आमच्या घरामागे एक मोकळे परसू आहे, त्यात चौदा कोंबड्या आणि तीन बरबरी शेळ्या आहेत. कोंबड्यांपैकी नऊ कडकनाथ. झाबुआच्या या काळ्या कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून घरी येणारा पाहुणा तिच्याकडे आदराने पाहू लागला. आत्यासाहेबांच्या दृष्टीने ती नेहमीचीच ‘काळी’. बरबरी शेळी ही आग्रा, मथुरा, इटावा या बाजूची. ठेंगणी, उभ्या कानांची, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके असलेली, परसात बांधून ठेवली तरी कुरकुर न करणारी. मी नोकरीतून निवृत्त झालो, तेव्हापासून या संसारात हात माझे आणि आज्ञा त्यांची, अशी वाटणी आहे.

हिवाळ्याची तयारी कोजागिरी झाली की सुरू होते. इथे आणखी एक गंमत आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, इकडच्या लोकांचा पौर्णिमेला. त्यामुळे शेजाऱ्यांचा पूस आपल्या पौषाच्या पंधरा दिवस आधी लागतो. सणवार आम्ही आपल्या पंचांगाने करतो. खुराड्याचे काम मात्र आत्यासाहेब शेजाऱ्यांच्या पंचांगाने करवून घेतात. ‘‘थंडी काही आपला पौष लागेपर्यंत वाट बघत बसत नाही,’’ हे त्यांचे शास्त्र.

पहिले काम खुराड्याचे. पावसाळ्यातला जुना थर खरवडून काढायचा, भिंतींना आणि जमिनीला चुना लावायचा, दोन दिवस उन्हे आत येऊ द्यायची. मग वाऱ्याकडे लक्ष द्यायचे. इथले हिवाळी वारे वायव्येकडून येतात. त्या बाजूची भिंत खालपासून कोंबडीच्या उंचीपर्यंत गोणपाटाने बंद करायची. वर छपरालगतची फट मात्र उघडी ठेवायची. नव्याने कोंबड्या पाळणारा माणूस थंडीच्या भीतीने सगळे प्लास्टिकने गुंडाळून टाकतो आणि नेमका तिथेच फसतो. कोंबडीच्या अंगात एकेचाळीस अंशांची उष्णता असते आणि वर पिसांची रजाई असते. कोरड्या थंडीला ती सहसा हार जात नाही. तिला मारते ती ओल. चौदा कोंबड्यांचा रात्रभराचा श्वास आणि शीट यांची वाफ बाहेर गेली नाही, तर पहाटे छपरातून थेंब गळतात, नाकाला झोंबणारा अमोनिया साचतो आणि छाती धरते. म्हणून अंगावर वारा नको आणि डोक्यावर कोंडी नको, हा नियम. सकाळी खुराडे उघडल्यावर आपले डोळे चुरचुरले, तर कोंबड्यांची रात्र कशी गेली असेल ते समजून घ्यावे.

जमिनीवर भाताचे तूस चार-सहा बोटे जाड पसरायचे आणि दर तीन-चार दिवसांनी ते खालवर करायचे. ओला झालेला भाग लगेच उचलायचा. बसण्याची दांडी थोडी रुंद हवी, म्हणजे कोंबडी बसली की पोटाच्या पिसांखाली तिची बोटे झाकली जातात. संध्याकाळी दाणा उशिरा द्यायचा, त्यात बाजरी आणि भरडलेला मका. भरलेली गळपिशवी रात्रभर हळूहळू पचत राहते आणि अंगात ऊब राहते. शरदात कोंबड्या जुनी पिसे टाकतात. नवी पिसे येताना त्यांना कस लागतो, म्हणून त्या दिवसांत शेंगदाण्याची पेंड वाढवायची. पाणी सकाळी कोमट द्यायचे. थंडगार पाण्याला कोंबडी चोच लावत नाही, आणि पाणी कमी प्यायली की खाणेही कमी होते.

अंडी मात्र या दिवसांत कमी होतात. त्याला कारण थंडीपेक्षा उजेड. भरपूर अंडी द्यायला कोंबडीला चौदा ते सोळा तासांचा प्रकाश लागतो, आणि डिसेंबरअखेरीस ग्वाल्हेरचा दिवस जेमतेम साडेदहा तासांचा असतो. दिवा लावून ही तूट भरता येते. मोठ्या कुक्कुटपालनात तसे करतातही. मी एकदा तसे सुचवले, तेव्हा आत्यासाहेब म्हणाल्या, ‘‘वर्षभर देते ती. दोन महिने बसू दे तिला.’’ दिव्याचा विषय तिथेच संपला.

शेळ्यांचे शास्त्र निराळे. शेळीच्या पोटात वैरण आंबते आणि त्या आंबण्यातून उष्णता निघते. ही तिची स्वतःची शेगडी. म्हणून रात्रीसाठी हरभऱ्याचा किंवा गव्हाचा कोरडा भुसा गव्हाणीत भरपूर ठेवायचा. हिवाळ्यात हिरवागार बरसीम मिळू लागतो आणि शेळ्या त्यावर तुटून पडतात. पण उपाशीपोटी ओला बरसीम खाल्ला की पोट फुगते, तेव्हा आधी भुसा, मग बरसीम. सकाळचे दव उतरल्याखेरीज त्यांना बाहेर सोडायचे नाही, कारण दवाने भिजलेल्या गवताच्या शेंड्यांवर जंतांची पिल्ले चढून बसलेली असतात. जंताचे औषध पावसाळा संपताच द्यायचे. पीपीआर, म्हणजे शेळ्यांचा प्लेग, याची लस एकदा टोचली की तीन वर्षे निभावते. जेठ-आषाढात फळलेली शेळी पाच महिन्यांनी, नेमकी थंडीच्या तोंडावर विते. करडाला गोणपाटाने खसखसून कोरडे करायचे, नाळेला आयोडीन लावायचे आणि तासाभरात चीक पाजायचा. एवढे झाले की रात्री त्याच्यावर पेंढ्याने अर्धे भरलेले डालगे पालथे घालायचे, त्याच्या फटींतून श्वास चालू राहतो.

शेकोटीबद्दल मात्र आत्यासाहेब फार कडक आहेत. कोळशाची अंगीठी गोठ्यात वा खुराड्यात ठेवायची नाही, आणि माणसांच्या बंद खोलीत तर मुळीच नाही. त्या धुराचा विषारी भाग डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही. उत्तरेत दर हिवाळ्यात अंगीठी जवळ घेऊन झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो.

२०२०-२१ च्या हिवाळ्यात इंदूरला कावळे मरून पडू लागले आणि त्यांच्यात पक्षिज्वराचा विषाणू सापडला. तेव्हापासून दाण्यापाण्याची भांडी छपराखाली आणि जाळीच्या आत ठेवतो, बाहेरचे पक्षी त्यांना शिवणार नाहीत अशी.

एवढे सारे तपशिलाने लिहिण्याचे कारण हे, की यंदा ही तयारी करावी की नाही, हाच प्रश्न घरात उभा राहिला. गेल्या जानेवारीत सलग चार दिवस धुक्यातून सूर्य दिसला नाही. त्या दिवसांत आत्यासाहेबांचा श्वास कोंडला आणि त्यांना दहा दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावले की तुसाची धूळ, पिसांचा कोंडा आणि धूर यांपासून त्यांनी दूर राहावे. हैदराबादहून मुलाचा फोन आला. ‘‘बाबा, आता पुरे झाले. तुम्हीही सत्तरीला आलात. घर काढून टाका आणि आजींना घेऊन इकडे या. इथे थंडी नाही.’’ त्याचे म्हणणे चूक नव्हते. हैदराबादेत थंडी खरोखरच बेताची असते, आणि मराठी माणसेही तिथे पिढ्यान् पिढ्या आहेत.

मला अडवत होती ती एक वेगळीच गोष्ट. आमच्या घरात बोलले जाणारे पुष्कळसे मराठी आता त्या परसापुरते उरले आहे. दिवाणखान्यातल्या बोलण्यात निम्मी हिंदी आणि निम्मी इंग्रजी. बाजारात हिंदी. पण खुराडे, डालगे, तलंग, खुडूक, रवण, पाट, करडू, वेत, चीक, गव्हाण, दावे हे शब्द आत्यासाहेबांच्या तोंडी रोज येतात, कारण त्या वस्तू आणि ते जीव रोज समोर असतात. शब्दकोशात हे शब्द राहतीलच. पण पहाटे अंधारात कुणी कुणाला ‘‘अरे, पाटीला दावे बदललेस का?’’ म्हणून विचारणार नाही. दोनशे वर्षांपूर्वी छावणीबरोबर आलेले ते शब्द शेळ्या विकल्याच्या दिवशी आमच्या घरातून जातील, एवढे मला स्पष्ट दिसत होते. आणि आत्यासाहेबांच्या छातीपुढे ही अडचण किती क्षुल्लक आहे, तेही दिसत होते. मी कोजागिरीपर्यंत काहीच बोललो नाही.

कोजागिरीच्या रात्री दूध पिऊन झाल्यावर त्याच म्हणाल्या, ‘‘घर विकायचे नाही. पण यंदा रवण बसवायची नाही. पिल्लांची रात्र-रात्र राखण माझ्याने होणार नाही, आणि तुला एकट्याला जमणार नाही. दोन शेळ्या देऊन टाक. ठिपकेवाली राहू दे.’’ आमच्याकडे गेल्या साठ वर्षांत पिल्लांवाचून हिवाळा गेलेला नाही. मी ‘बरे’ म्हणालो.

पण कोंबडी पंचांग पाहत नाही. चारच दिवसांनी आमची तांबडी गावठी कोंबडी खुडूक झाली. कडकनाथ स्वतः अंड्यांवर नीटशी बसत नाही. तिची अंडी गावठी कोंबडीखालीच उबवावी लागतात, म्हणून या तांबडीला घरात मान. मी तिला थंड पाण्यात बुडवून उठवावे की काय, या विचारात होतो. तेवढ्यात भिंतीपलीकडच्या घरातला सातवीतला मुलगा आला. त्याचे घर बुंदेलखंडाकडचे. आत्यासाहेबांना तो ‘बुआजी’ म्हणतो. त्याला त्यांनी बसवून घेतले, आणि तासाभराने तो तांबडी, अकरा अंडी आणि आमचे मोठे डालगे घेऊन गेला. जाताना त्याला सांगितले होते ते एवढे: अंधारी, कोरडी जागा, दिवसातून एकदा कोंबडीला खायला उठवायचे, पिल्ले निघाली की पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांची ऊब, पुढे दर आठवड्याला तीन-तीन अंशांनी कमी, पिल्ले एकमेकांवर चढू लागली तर थंडी जास्त, लांब पांगून चोची उघडू लागली तर ऊब जास्त, आणि सातव्या दिवशी राणीखेतच्या लसीचा थेंब.

तेव्हापासून आत्यासाहेब रोज दुपारी भिंतीलगत उन्हात खाट टाकून बसतात. तूस नाही, पिसे नाहीत, धूर नाही. पलीकडून तो मुलगा ओरडून विचारतो, ‘‘बुआजी, रवण पे से उठ ही नहीं रही, क्या करूँ?’’ आणि त्या मराठीत उत्तर देतात. त्याला ते कळते. त्याची आई मात्र मला विचारत होती की हा दड़बे को खुराडा क्यों कहने लगा है.

कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशी अकरांपैकी नऊ पिल्ले निघाली. पिल्लाच्या अंगावर पुरती पिसे यायला पाच आठवडे लागतात, आणि त्या दिवसापासून पाच आठवड्यांनी मार्गशीर्षी पौर्णिमा, म्हणजे त्यांचा पूस लागण्याचा दिवस. आत्यासाहेबांनी हे बोटांवर मोजून आधीच काढून ठेवले होते. ‘‘पाला पडायच्या आत पिसे होतील,’’ असे म्हणून त्यांनी खाट थोडी सरकवून घेतली, कारण ऊन भिंतीवरून खाली सरकू लागले होते.