सहा चाकें आणि बर्फ

चाकांची संख्या वाढली म्हणजे गाडीची जमिनीवरील पकडहि त्याच प्रमाणांत वाढते, अशी समजूत चांगल्या सुशिक्षित माणसांतहि आढळून येते. आमच्या घरांत ती गेल्या हिंवाळ्यांत उद्भवली, आणि तिचें निराकरण करणें मला भाग पडलें. कारण प्रश्न केवळ तत्त्वाचा नसून माझ्या मुलीच्या नित्याच्या प्रवासाचा होता.

अमेरिकेंतील वायोमिंग राज्यांत लॅरमी या गांवीं मी गेलीं वीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहें. गांव समुद्रसपाटीपासून सुमारें ७२०० फूट उंचीवर वसलेलें. येथें ऑक्टोबरांत हिम पडूं लागतें, आणि मे उजाडला तरी त्यानें पुरता निरोप घेतलेला नसतो. आमच्या शेजारीं एक वृद्ध गुरेंवाले गृहस्थ राहत असत. थंडीस कंटाळून ते अॅरिझोनांत राहावयास गेले, तेव्हां त्यांचा पिकअप ट्रक मीं विकत घेतला. त्याला पुढें दोन चाकें आणि मागें, प्रत्येक बाजूस जोडीनें, चार. असल्या ट्रकास येथें ‘ड्यूअली’ म्हणतात. जनरल मोटर्सनें १९७३ सालीं असे पिकअप कारखान्यांतूनच तयार करून विकावयास काढले. मागची जोडी आहे ती ओझ्यासाठीं, हें येथील शेतकऱ्याचें पोरहि सांगेल. प्राध्यापकाच्या कुटुंबास मात्र तें गणित मांडून दाखवावें लागतें.

माझी मुलगी शायेन येथील एका रुग्णालयांत नोकरीस जाते. अंतर पन्नास मैलांचें. वाटेंत शर्मन समिट लागतें. तें ८६४० फुटांवर असून ८० क्रमांकाच्या आंतरराज्यीय महामार्गावरील सर्वांत उंच ठिकाण तेंच. पहिलें हिम पडलें त्या रात्रीं ती म्हणाली, “बाबा, थंडी संपेपर्यंत मी तुमचाच ट्रक नेत जाईन. माझी गाडी केवढीशी! तुमच्या ट्रकाला सहा चाकें आहेत.” तिच्या आईनें लगेच दुजोरा दिला, “अहो, द्या ना तिला. नाहींतरी तो दारांत उभाच असतो.” मीं नाहीं म्हटलें, तेव्हां दोघींनाहि तो माझा कंजूषपणा वाटला.

गणित असें आहे. माझ्या रिकाम्या ट्रकाचें वजन सुमारें ८००० पौंड. पैकीं तीन पंचमांश, म्हणजे ४८०० पौंड, पुढच्या दोन चाकांवर. कारण डिझेलचें अवजड इंजिन त्यांच्याच डोक्यावर बसलेलें. उरलेले ३२०० मागच्या चौघांत वांटावयाचे. म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकाच्या वांट्यास २४०० पौंड, तर मागच्याच्या वांट्यास अवघे ८००; आणि एरव्हीं गाडी पुढें ढकलण्याचें सारें काम या मागच्यांकडेच. आमच्याकडील गाडीवान हें न मांडतां जाणतात. बैलगाडींत मागें ओझें अधिक झालें कीं ती उलाळ होते, पुढें अधिक झालें कीं धुरजड. रिकामी ड्यूअली ही जन्मजात धुरजड गाडी होय. इंग्रजींत या दोन शब्दांच्या तोडीचा सुटसुटीत शब्द मला अद्याप सांपडलेला नाहीं, हें जातां जातां नमूद करतों.

हिम आणि बर्फ हे शब्द आपण बहुधा पर्याय म्हणून वापरतों. माझ्या बालपणीं तर बर्फाची ओळख जत्रेंतल्या रंगीत गोळ्यापुरतीच होती. येथें हा भेद नीट ओळखावा लागतो. ताजें हिम भुसभुशीत असतें. अरुंद चाकावर पुरेसा भार असला तर तें हिम चिरून खालच्या कठीण जमिनीस भिडतें. ड्यूअलीचीं मागचीं चाकें भार वांटून घेतात आणि बदकाच्या पावलांप्रमाणें वरच्यावर तरंगूं पाहतात. शिवाय जोडींतलें बाहेरचें चाक पुढच्या चाकानें पाडलेल्या चाकोरींत पुरतें येत नाहीं. त्याला आपली वाट आपणच तुडवावी लागते. दोहोंमधल्या फटींत हिम ठांसून गोठतें तें निराळेंच. बर्फावरची गोष्ट याहून सोपी आणि याहून भयंकर आहे. तेथें चिरण्यासारखें कांहीं नसतेंच. चाकें चार आहेत कीं दोन, हा प्रश्न उरत नाहीं. त्यांच्यावर एकंदर भार किती, एवढेंच पाहावयाचें. त्यांतहि शून्य अंशाच्या आसपासचा, वर पाण्याचा पापुद्रा धरलेला बर्फ, कडाक्याच्या थंडींतल्या बर्फापेक्षां अधिक निसरडा असतो.

पुढच्या चाकांनाहि इंजिनाची गति देण्याची सोय माझ्या ट्रकांत आहे. तिनें गाडी जागची हलते, चढण चढते, आणि हांकणाराच्या मनांत एक खोटा धीर उत्पन्न होतो. थांबण्याच्या कामीं तिचा उपयोग नाहीं. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांच्या सर्व चाकांस असतात. इंजिनाचा निकास कोंडून वेग आवरण्याची युक्ति उतारावर ओझें आणतांना मोठें वरदान ठरते. पण बर्फावर ती रिकाम्या गाडीचीं फक्त मागचीं चाकें अडविते आणि शेपूट बाजूस फेंकते. हिंवाळ्यांत मी ती बंद ठेवतों.

मुलीस हें पटवून देण्यापेक्षां दाखविणें बरें, म्हणून डिसेंबरांत एका रविवारीं तिला घेऊन मी सॅराटोगास गेलों. एका परिचिताच्या घोड्यांसाठीं तेथून गवत आणावयाचें होतें. लॅरमीच्या पश्चिमेचा हा महामार्ग ऑक्टोबर १९७० मध्यें खुला झाला, आणि थोड्याच दिवसांत हिमवादळानें बंद पडला. जुना रस्ता उत्तरेकडून मेडिसिन बोवरून जाई. नवा एल्क पर्वताच्या पायथ्याशीं, नेमका वाऱ्याच्या तोंडीं घातला. पुढें वाऱ्याबरोबर वाहणारें हिम अडविण्यासाठीं मैलोगणती लांकडी कुंपणें उभारावीं लागलीं. तीं आजहि उभीं आहेत. जातांना गाडी रिकामी. ताशीं पस्तीस मैलांच्या वर मी गेलों नाहीं. पूल आला कीं, खालूनहि वारा लागून आधींच गोठलेल्या त्या पृष्ठावर, ट्रकाची मागची बाजू किंचित् सरके आणि पुन्हां जाग्यावर येई. मुलीनें दरवाज्याची मूठ घट्ट धरली होती. बोलत कोणीच नव्हतें.

परततांना साठ साठ पौंडांच्या चाळीस पेंढ्या घेतल्या. २४०० पौंडांचा हा भार बहुतेक सगळा मागच्या चाकांवर, म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास आतां १४००. रस्ता तोच, बर्फ तोच, परंतु गाडी जणूं दुसरीच. गंजीच्या उंचीमुळें वारा अधिक लागे आणि थांबावयाचें तर फार आधींपासून वेग उतरवावा लागे. तरी शेपूट एकदांहि हललें नाहीं. यावरून संसाराच्या ओझ्यानें येणाऱ्या स्थैर्यावर एक सुरेख प्रवचन रचतां येईल. तें मी इतरांवर सोंपवितों. मुलगी एवढेंच म्हणाली, “म्हणजे रोज गवत भरून नोकरीला जायचं!”

गवत नसलें तर वाळू असते. साठ पौंडांच्या दहा पिशव्या मागच्या आंसावर, किंबहुना त्याच्या किंचित् पुढें, अचानक थांबतांना पुढें घसरूं नयेत अशा जखडून मी नोव्हेंबरापासून ट्रकांत ठेवतों. गाडी रुतली तर एक पिशवी फोडून चाकाखालीं पसरतां येते. परंतु सहाशें पौंडांनीं धुरजडपणा थोडा कमी होतो, जात नाहीं. म्हणून मुलीच्या लहान गाडीसच थंडींतहि मऊ राहणाऱ्या रबराचे चार हिंवाळी टायर मीं बसवून दिले, आणि ती त्याच गाडीनें जाऊं लागली.

शर्मन समिटवर रस्तेखात्याचे कॅमेरे आहेत. त्यांचीं चित्रें घरबसल्या पाहतां येतात. पहांटे साडेचारला चहाचें आधण ठेवून मी तीं पाहतों. रस्ता काळा दिसला तर मुलीस उठवितों. पांढरे पट्टे सापासारखे आडवे सरपटतांना दिसले तर रुग्णालयास कळवावयास सांगतों. गेल्या फेब्रुवारींत असे चार दिवस आले. पैकीं तीन दिवस ती घरीं राहिली. चौथ्या दिवशीं तिच्या जागीं दुसरें कोणी नव्हतें. ती गेली, आणि तिचा फोन येईपर्यंत तिची आई व मी, दोघेंहि स्वयंपाकघरांत बसून होतों.