बारावा हिस्सा

बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती, तेव्हा माझ्या नातीने सहाव्या वाढदिवसाला बाहुलीघर मागितले. दुकानांत मिळणारी बाहुलीघरे मी जाऊन पाहिली. सगळी गुलाबी प्लॅस्टिकची, उतरत्या छपराची, वर धुराडे असलेली. बार्शीत जन्मलेल्या माणसाला धुराड्याचे घर परकेच वाटणार. मी तिला म्हणालो, "आपण आपलेच घर करू. तुझ्या पणजोबांचे." तिला ते कितपत कळले कोण जाणे, मला मात्र काम मिळाले.

ते घर आता नाही. २००९ साली आम्ही ते विकले आणि घेणाऱ्याने ते पाडून तेथे तीन मजली इमारत उभी केली. पुढे धान्याची आडत, मागे बिऱ्हाड, अशी ती पाच खणांची माळवदी वास्तू होती. सागवानी खांब, जाड मातीच्या भिंती, छतावर पांढऱ्या मातीचा थर. आमच्या गावाला लहान आकाराचे वावडे कधीच नव्हते. आमची रेल्वेदेखील कितीतरी वर्षे अडीच फुटी रुळांवरूनच धावली.

बाहुलीघराचे सर्वमान्य प्रमाण एका फुटाला एक इंच, म्हणजे खऱ्याच्या बारावा हिस्सा, असे आहे. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी एडविन लट्येन्स या वास्तुविशारदाने १९२१ ते १९२४ या काळात जे बाहुलीघर उभारले आणि जे आजही विंडसरच्या राजवाड्यात पाहायला मिळते, तेही याच प्रमाणात आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. हिशेब आधी, करवत नंतर. लांबी बारावा हिस्सा केली की क्षेत्रफळ एकशे चव्वेचाळिसावा हिस्सा होते आणि वजन एक हजार सातशे अठ्ठाविसावा. म्हणजे आमच्या दुकानातले क्विंटलभर ज्वारीचे पोते या घरात जेमतेम अठ्ठावन्न ग्रॅमचे! हमालाने पाठीवर घेतलेले ते ओझे मी दोन बोटांत उचलू शकत होतो. घराची लांबी मात्र छत्तीस इंच आणि रुंदी अठ्ठावीस इंच भरली, आणि आमचे जेवणाचे मेज आठ महिन्यांसाठी गेले. सौभाग्यवतींनी त्याबद्दल काय म्हटले ते येथे लिहीत नाही.

सुरुवात अर्थातच पेढीपासून केली. तेथली इंच न् इंच जागा मला पाठ होती. भिंती प्लायवूडच्या केल्या; त्यावर चाळलेली माती आणि फेविकॉल यांचे लिंपण दिले. पहिले लिंपण वाळताना तडकले. मग पूर्वी गवंडी मातीत भुसा कालवत असत हे आठवले. मी काथ्या बारीक कातरून घातला आणि भिंत धरली. सागवान वापरून पाहिले, पण त्याच्या रेषा या मापाला फार रुंद दिसतात. खांब खांबासारखा न वाटता फळीसारखा वाटतो. शेवटी घरात साठलेल्या जुन्या लाकडी फूटपट्ट्यांचे घट्ट, बारीक रेषांचे लाकूड कामी आले. ज्यांनी आयुष्यभर खतावणीत रेघा मारल्या, त्या पट्ट्यांचे खांब आणि तुळया झाल्या.

या छंदात एक गोष्ट लवकरच कळते. आकार लहान करता येतो, पण वस्तूचा स्वभाव लहान होत नाही. कापूस भरलेली एवढीशी गादी कोणी बसल्यासारखी दबतच नाही, फुगलेलीच राहते. म्हणून गादीत आणि तक्क्यांत बारीक वाळू भरावी लागली. तागाचे कापड जाडेभरडे दिसते, म्हणून पोती जखमेवर बांधायच्या जाळीदार पट्टीची केली आणि चहाच्या पाण्यात रंगवली. पोत्यांच्या तोंडाशी धान्य दिसावे म्हणून प्रथम खसखस घेतली. पण या हिशेबाने खसखशीचा दाणा हरभऱ्याहून मोठा! बारीक रवा शोभला असता, परंतु सहा महिन्यांत त्यात जीव पडतील, आणि आपल्या घरात ते चालायचे नाही. शेवटी येथेही चाळलेली वाळूच आली, हळदीच्या पाण्यात किंचित पिवळी केलेली. तराजूची पारडी टिचबटणांची, दांडी शिवणाच्या सुईची. तीन संध्याकाळी खर्चून तो काटा समतोल झाला, तेव्हा मी घरातल्या सर्वांना बोलावून दाखवला. इंचभर लांबीच्या तांबड्या वह्या पतंगाच्या कागदाच्या केल्या, घड्याळजीचे भिंग डोळ्याला लावून त्यांत जमा-नावे लिहिले. उतरते मेज, गल्ला, दौत, वडिलांची काळी टोपी ठेवायची खुंटीसुद्धा झाली.

सहा महिन्यांनी नात सुट्टीत आली. तिने काटा वरखाली करून पाहिला, वही उघडून बंद केली आणि माळवदाचे झाकण उचलून आत डोकावली. मागचा अर्धा भाग रिकामा होता. हातातली बाहुली धरून तिने विचारले, "आजोबा, तुमची आई कुठे झोपायची?"

मला सांगता आले नाही.

बावीस वर्षे मी त्या घरात राहिलो. गल्ल्याचे कुलूप कोणत्या बाजूला फिरते हे मला आठवत होते. चूल पूर्वेच्या भिंतीला होती की दक्षिणेच्या, हे आठवेना. रात्री वडील पेढीवर झोपत, आम्ही मुले माळवदावर. आई सर्वांच्या नंतर कोठेतरी आडवी होत असे आणि सर्वांच्या आधी उठलेली असे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीचे एक प्रसिद्ध बाहुलीघर आहे. ते पेट्रोनेला ऑर्टमन या रेशीम व्यापाऱ्याच्या पत्नीने करवून घेतले. त्यासाठी चिमुकली चिनी मातीची भांडी तिने थेट चीनमधून मागवली होती. त्याची चित्रे पाहताना जाणवते की ते घर स्वयंपाकघर आणि कपड्यांच्या कपाटांपासून विचार करणाऱ्या बाईचे आहे. तेही व्यापाऱ्याचेच घर. मी मात्र गल्ल्यापासून सुरुवात केली होती आणि तेथेच थांबलो होतो.

हे सांगू शकेल असे एकच माणूस आता हयात आहे: माझी थोरली बहीण, आक्का. तिला फोन करायला मला चार दिवस लागले. कारण सांगायलाच हवे. घर विकायचे ठरले तेव्हा २००५ च्या कायद्यातील दुरुस्ती होऊन चार वर्षे झाली होती आणि मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे हे बँकेत कर्जाची कागदपत्रे तपासणाऱ्या मला पुरते ठाऊक होते. तरीही तिचे हक्कसोडपत्र मीच तयार करवले. "आपल्यात अशीच पद्धत आहे," एवढे एक वाक्य मी तिला ऐकवले. तिने सही केली. आम्ही साडीचोळी केली. त्यानंतर दरवर्षी पर्युषणानंतर आमचा क्षमायाचनेचा फोन होत असे. दोन्हीकडून तेच ठरलेले शब्द, आणि मग प्रकृतीची चौकशी.

या वेळी मी चुलीची दिशा विचारली. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "कागद घे."

पाऊण तास ती सांगत होती. चूल पूर्वेला, वर धूर जायचा झरोका, पावसाळ्यात त्यावर उलटे घमेले. डावीकडे घडवंची, तिच्यावर तांब्याचा हंडा, हंड्यावर दुहेरी गाळणे. ते वाळत घालायची वेगळी दोरी. माजघरात धान्याची कणगी, तिच्या मागे दोन हात रुंदीची बोळ. आई तेथे झोपायची. "तिथे गार असायचं आणि तुम्हा कोणाच्या पायात यायचं नाही." दाराआडच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. रतिबाचे दूध, गिरणीचे दळण, मोलकरणीचे खाडे, असा सगळा आईचा हिशेब त्यांत होता. महिनाअखेरीला ती तो पुसायची. आडतीच्या घरात आणखी एक रोजमेळ होता आणि मी, हिशेबावर पोट भरलेला माणूस, तो कधी पाहिलाच नव्हता.

फोन ठेवण्याआधी तिने विचारले, "माळ्यावर माझी भातुकली होती. तिचं काय केलंस रे?"

मी बघून सांगतो म्हणालो. पाहण्याची गरज नव्हती. तरी विक्रीच्या वेळची टाचणवही काढली. माझ्याच अक्षरात नोंद होती: पितळ मोड, ११ किलो ४०० ग्रॅम. मोठ्या भांड्यांबरोबर तीही काट्यावर गेली होती. दुसऱ्या दिवशी मी तिला ते सांगितले, आणि हक्कसोडपत्राचेही बोललो. "सही माझीच होती," ती म्हणाली, "पण विचारलं कोणी नव्हतं." त्या व्यवहाराचे आता काय करायचे, हे मी आणि माझा धाकटा भाऊ बोलत आहोत. दोन बैठका झाल्या, अजून ठरलेले नाही.

मागचा भाग पूर्ण व्हायला दोन महिने लागले. चूल, घडवंची, तांब्याच्या पत्र्याचा हंडा, मलमलचे गाळणे. कणगीमागे वाकळ अंथरली. आणि भातुकली. खरी पातेली दीड इंचाची होती, म्हणजे येथे सव्वातीन मिलिमीटर, खेळण्यातले खेळणे. पितळेच्या पातळ पत्र्यावर बोथट खिळा दाबून वाट्या काढल्या. वीस बिघडल्या, सात साधल्या. शिंक आली की सर्वजण जमिनीवर शोधायला बसत.

गेल्या महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने आक्का पुण्यात आली. माळवदाचे झाकण मी उचलले. पेढीकडे तिने पाहिले न पाहिलेसे केले. माजघरातली कणगी बोटाने किंचित पुढे सरकवली. बोळ मी अरुंद केली होती. मग तिने पेन्सिल मागितली, टोक काढून घेतले आणि दाराआडच्या भिंतीवर एकेक करून रेघा ओढल्या. मी मोजल्या. सोळा होत्या. कशाच्या, ते तिने सांगितले नाही.

भातुकली तिने तळहातावर घेतली, माझे भिंग डोळ्याला लावले आणि बराच वेळ पाहत राहिली.

"कल्हई राहिली की," ती म्हणाली.

सव्वातीन मिलिमीटरच्या पातेल्याला आतून कल्हई कशी करावी, हे मी सध्या शोधतो आहे. सुईच्या टोकाने डाख देऊन पाहिला, पण त्याने वाटी बुजून जाते.