चोवीस शब्दांची अमानत

नागपुरातून आखाताकडे जाणारे विमान पहाटे सुटते. त्यामुळे मोमिनपुऱ्यात कुणी परदेशी निघाले, की त्या घरात रात्रभर कुणी झोपत नाही. इशाची नमाज झाली की माणसे यायला लागतात. कुणी लोणच्याची बरणी आणतो, कुणी निघणाऱ्याच्या हातात नोट कोंबतो. म्हाताऱ्या बायका दंडाला कापडात गुंडाळलेले नाणे बांधतात, इमाम जामिन म्हणून. आमच्या मनाला ते पटत नाही, पण आपाला कोण सांगणार?

गेल्या हिवाळ्यात आपाचा मुलगा, आमचा भाचा, दुबईला परत निघाला होता. तिथे एका गोदामात हिशेबाचे काम करतो. निघायच्या दोन दिवस आधी तो आमच्याकडे आला आणि एक बंद पाकीट पुढे केले.

"मामू, हे तुमच्याकडे ठेवाल का? माझी अमानत आहे."

आत वहीचे एक पान होते. त्यावर इंग्रजीतले चोवीस साधे शब्द, एकाखाली एक, क्रमांक घालून. कशाचा कशाशी संबंध नाही. 'वाक्यात उपयोग करा' म्हणून मुलांना फळ्यावर लिहून देतो तसे. भाचा म्हणाला, माझी दोन वर्षांची निम्मी बचत यात आहे.

आम्ही दोघेही भाषा शिकवणारे. शब्दांना किंमत असते हे वर्गात रोज सांगतो, पण ती अशी रोख असेल असे वाटले नव्हते. त्याने समजावले ते असे. बिटकॉइन मोबाइलमध्ये नसते. कुणाकडे किती आहे याची वही जगभरातल्या हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिलेली असते. मोबाइलमध्ये असते ती फक्त किल्ली, आणि ही किल्ली म्हणजेच हे शब्द. 2048 शब्दांची एक ठरलेली यादी आहे, तिच्यातून बारा किंवा चोवीस शब्द निघतात, आणि त्यांचा क्रम बदलून चालत नाही. मोबाइल हरवला तरी शब्द हाती असले की नव्या मोबाइलवर सगळे परत मिळते. शब्दच गेले, तर अर्ज कुणाकडे करणार? तिथे मॅनेजर नाही, शाखा नाही. आणि दुसऱ्याने ते वाचले तर पैसे त्याचे.

हा शहाणपणा त्याला फुकट आलेला नव्हता. आदल्या वर्षी त्याने याच शब्दांचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवला होता. मोबाइल एका टॅक्सीत राहिला. फोटो आपोआप इंटरनेटवरच्या त्याच्या खात्यातही जात होते. त्याने खोलीतल्या साथीदाराच्या लॅपटॉपवरून ते खाते उघडले, शब्द उतरवले, नवीन वॉलेट तयार केले आणि फजरच्या अजानपर्यंत सगळे तिकडे हलवले. थोडी रक्कम भारतातल्या एका एक्स्चेंजवर होती, ती मात्र अडकली. तिचा ओटीपी नागपूरच्या नंबरवर येणार, आणि त्या सिमचे रोमिंग बंद! त्या रात्री इकडे आपाला काहीच माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सामान घ्यायला आम्ही तिघे इतवारीत गेलो. मोमिनपुऱ्यातून गांधीबाग ओलांडली की इतवारी. सराफा ओळीत अजून गादीवर बसून व्यवहार करणारे आहेत. याच बाजारातून एकेकाळी हुंडी निघायची. माणूस कागद घेऊन जायचा, पैसे दुसऱ्या गावी मिळायचे, वाटेत लुटारूंच्या हाती लागला तर कागदच लागायचा. भाच्याला सांगितले, तुझ्या चोवीस शब्दांचे आजोबा इथलेच. तो हसला. पण फरकही आहे. हुंडीच्या मागे एका पेढीची अब्रू असे. शब्दांच्या मागे कुणी नाही.

आमचे दादा हजला गेले ते मुंबईहून जहाजाने. कमरेला कापडी हिमयानी, आणि आत हज नोटा. आजच्या वाचकांपैकी थोड्यांनाच त्या ठाऊक असतील. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा काढल्या होत्या. क्रमांकाआधी एचए ही अक्षरे छापलेली. त्या सौदीत बदलून मिळायच्या, भारतात चालायच्या नाहीत. म्हणजे परदेशात पैसा सुखरूप कसा न्यायचा, याची काळजी तेव्हा सरकारने वाहिली होती. क्रिप्टोच्या बाबतीत सगळा भार एकट्या मुसाफिराच्या खांद्यावर आहे.

हे हलाल आहे का, असे आपाने विचारलेच. आम्ही मुफ्ती नाही. इजिप्तच्या दारुल इफ्ताने 2018 मध्ये बिटकॉइनविरुद्ध फतवा दिला. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने 2021 मध्ये चलन म्हणून त्याचा वापर हराम ठरवला. मलेशियातल्या सिक्युरिटीज कमिशनच्या शरिया मंडळाने मात्र 2020 मध्ये अशा डिजिटल मालमत्तेच्या व्यवहाराला काही अटींवर परवानगी दिली. ज्याने त्याने आपल्या आलिमाला विचारावे. आमचे मन अजून साशंक आहे. 2024 च्या जुलैमध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे दोन हजार कोटींची चोरी झाली, तेव्हा ज्यांचे पैसे अडकले त्यांनी कुठल्याही देशाचा प्रवास केला नव्हता. म्हणून भाच्याला एवढेच बजावले, की आपाच्या उमऱ्याचे पैसे यात घालू नकोस.

पाकीट एकट्याने सांभाळायला आम्ही नकार दिला. भाच्याला वाईट वाटले. विश्वासाचा प्रश्न नव्हता. उद्या आम्हाला काही झाले तर? आणि त्याला काही झाले तर?

जयपूरची गोष्ट त्याला तेव्हा सांगितली. क्वाड्रिगा-सीएक्स या कॅनडातल्या क्रिप्टो एक्स्चेंजचा तीस वर्षांचा मालक जेराल्ड कॉटन 2018 च्या डिसेंबरमध्ये पत्नीसह भारत पाहायला आला आणि जयपुरात आजारी पडून वारला. किल्ल्या फक्त त्यालाच ठाऊक होत्या, असे कंपनीने सांगितले. हजारो ग्राहकांचे पैसे अडकले. पुढे 2020 मध्ये तिथल्या नियामकाने चौकशी करून सांगितले, की बहुतेक पैसे त्याने आधीच लबाडीने उडवले होते. पण आमच्या मनात राहिले ते पहिले वाक्य. परक्या मुलुखात एक माणूस मरतो, आणि घरच्यांच्या हाती काही लागत नाही.

मग रात्री बसून तोड काढली. चोवीस शब्दांना आपला स्वतःचा एक गुप्त शब्द जोडता येतो. तो नसेल तर पाकीट हाती येऊनही उपयोग नाही. भाच्याने नवीन वॉलेट बनवून तसे केले. पाकीट आमच्याकडे, दुसरी प्रत त्याच्या बँकेच्या लॉकरमध्ये, गुप्त शब्द आपाच्या तोंडपाठ. शिवाय वसीयतीच्या कागदात त्याने साधी नोंद लिहिली: असे धन आहे, ते कुठे आहे, आणि वारसांनी कुणाला विचारायचे. शब्द त्यात नाहीत.

सोबत त्याने काय नेले? मोबाइलच्या वॉलेटमध्ये महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम, बस. मोठे वॉलेट त्या मोबाइलवर ठेवलेच नाही. रोमिंग सुरू केले, आणि ओटीपीऐवजी मोबाइलमध्येच आकडे तयार करणारे ॲप लावले. चार्जर स्वतःचा. विमानतळाच्या फुकट वायफायवर पैशाचे काही उघडायचे नाही. आणि खोलीत, हॉटेलात, चहाच्या टपरीवर आपल्याकडे किती आहे ते बोलायचे नाही. हे शेवटचे त्याला सर्वात जड जाईल. देशादेशाचे कायदेही वेगळे. चीनने 2021 मध्ये असे व्यवहार बेकायदा ठरवले, दुबईत 2022 पासून त्यासाठी स्वतंत्र नियामक आहे, आणि आपल्याकडे त्याच वर्षापासून नफ्यावर 30 टक्के कर आहे.

रात्री एकला आम्ही निघालो. सीताबर्डी सामसूम होती, वर्धा रोडवर मेट्रोच्या पुलाखाली फक्त ट्रक. सोनेगावला विमानतळाच्या दाराशी आपाने त्याच्या कानात काहीतरी म्हटले. दुआ असेल असे आम्हाला वाटले. तो थबकला, म्हणाला, "अम्मी, इथे नाही!"

ती पाठ म्हणून दाखवत होती.

परत येताना गाडीत आपा गप्प होती. तो शब्द कोणता ते आम्ही विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. पाकीट घरात कुठे ठेवले आहे, तेही इथे लिहीत नाही.